टॉप एसच्या वळणावर मिसिंग: एका १९६९ च्या एमजीबी जीटीचं प्रकरण

गाडी एकाच जागी मिसिंग मारायची. शेल्सली वॉल्शच्या चढावर खालचं एस वळण संपवून वरच्या उजव्या वळणातून बाहेर पडताना, पाय पूर्ण दाबला की इंजिन क्षणभर मेल्यासारखं व्हायचं, दोन-तीन आचके द्यायचं आणि मग परत ओढायला लागायचं. तेवढ्यात दोन-अडीच सेकंद गेलेले असायचे, आणि ज्या खेळात सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतात तिथे अडीच सेकंद म्हणजे सगळा सीझन गेला. हे सगळं सविस्तर लिहितोय कारण त्या अडीच सेकंदांमागे माझा २०२३ चा अर्धा सीझन आणि जवळपास सातशे पाउंड गेले, आणि शेवटी दोष निघाला तो बोटभर लांबीच्या एका वायरमध्ये.

आधी जागेबद्दल सांगतो, कारण जागा डोळ्यासमोर आली नाही तर बाकीचं कळणार नाही. शेल्सली वॉल्श इंग्लंडच्या वुस्टरशायरमध्ये आहे, टीम नदीच्या खोऱ्यात, आजूबाजूला सगळी शेती. १९०५ पासून तिथे गाड्या चढावर घड्याळाविरुद्ध पळवतात. रस्ता फक्त १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर, अरुंद, आणि तेवढ्यात गाडी साधारण १०० मीटर उंच चढते. एका वेळी एकच गाडी सुटते. सुरुवातीलाच चढ असल्यामुळे गाडी मागे येऊ नये म्हणून मार्शल मागच्या चाकाला उटी लावतो. हिरवा दिवा लागला की लगेच निघायची घाई नाही, गाडीच्या नाकावरची काळी पट्टी किरण तोडते तेव्हाच घड्याळ सुरू होतं. मग सरळ चढ, केनेल बेंड, क्रॉसिंग, दोन्ही डावी, मग बॉटम एस कडक डावं आणि लगेच टॉप एस कडक उजवं, आणि पुढे फिनिशपर्यंत सरळ. साध्या एमजीबीला या सगळ्याला चाळीस-बेचाळीस सेकंद लागतात. दिवसभरात बहुतेक वेळा दोन प्रॅक्टिस आणि दोन टाइम्ड रन मिळतात, म्हणजे पहाटे पाचला उठून, गाडी तपासून घेऊन, दिवसभर थांबून एकूण तीन मिनिटांपेक्षा कमी ड्रायव्हिंग. पण ती तीन मिनिटं आठवडाभर अंगात राहतात, खरंच.

आता गाडी. एमजीबी म्हणजे एमजी कंपनीची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ती १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं अॅबिंग्डनला बनत होती, पाच लाखांहून जास्त निघाल्या, त्यामुळे आजही जवळजवळ प्रत्येक पार्ट मिळतो, अख्खी नवी बॉडी सुद्धा जुन्याच डायवर बनवलेली मिळते. माझी १९६९ ची जीटी आहे, बंद टपाची. घेतली तेव्हा इंजिन बरं होतं पण सिल सडलेले होते. एमजीबीला वेगळी चासी नसते, दोन्ही दारांखालचे सिलच गाडीचा कणा असतात, आणि बाहेरून नवा पत्रा मारून आतला कुजका तसाच ठेवलेली गाडी जॅकवर घेतली की दार लागत नाही. त्यामुळे पहिला दीड वर्षाचा पैसा सगळा वेल्डिंगमध्ये गेला. मी अजूनही नवीन माणसाला हेच सांगतो की इंजिनाला हात लावायच्या आधी गाडी जॅकवर घे आणि दार उघडून लावून बघ.

रेसिंगसाठी म्हणून फार काही केलं नाही. आमचा क्लास रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांचा आहे, घरून चालवत जायचं आणि चालवतच परत यायचं. त्यामुळे थ्रॉटलला जादाची रिटर्न स्प्रिंग, बॅटरीच्या अर्थिंगच्या वायरला पिवळी खूण, इग्निशन स्विचच्या चालू-बंदची खूण, समोर टायमिंगची काळी पट्टी, आपल्या अंगावर आगीला न पेटणारा सूट, हातमोजे, हेल्मेट, आणि मोटरस्पोर्ट यूकेचं लायसन. गाडीला पुढे जाड अँटी-रोल बार, लीव्हरच्या शॉक अॅब्झॉर्बरमध्ये घट्ट तेल आणि नवीन बुश. ब्रेक पॅडच्या बाबतीत मात्र बरेच जण चुकतात. रेसिंगचे महागडे पॅड गरम झाल्याशिवाय पकडत नाहीत, आणि चाळीस सेकंदांच्या चढावर ब्रेक गरम होणारच नाहीत, म्हणून इथे साधे चांगले रोडचेच पॅड पाहिजेत. पहिल्या वर्षी एकाने हे वेळेवर सांगितलं म्हणून वाचलो, नाहीतर बॉटम एसला सरळ बांधावर गेलो असतो.

इंजिन १७९८ सीसीचं बी-सीरीज, दोन एसयू कार्ब्युरेटर, कारखान्यातून ९५ हॉर्सपॉवर. माझ्या घरात हे इंजिन काही परकं नाही. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, कोल्हापुरात उद्यमनगरला गॅरेज होतं आणि तीस-पस्तीस वर्षं त्यांच्या हाताखालून अॅम्बेसेडर गेल्या. पेट्रोल अॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन म्हणजे हेच बी-सीरीज, धाकटा भाऊ म्हणा. तोच लोखंडी ब्लॉक, तेच पाच पोर्टचं हेड ज्यात मधल्या दोन सिलिंडरला एकच एक्झॉस्टचं भोक, तोच १-३-४-२ फायरिंग ऑर्डर. मी गाडी घेतली तेव्हा अण्णांनी व्हिडिओ कॉलवर बॉनेट उघडायला लावलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "अरं, ही तर आपलीच की."

मे महिन्यातल्या पहिल्या इव्हेंटला हा त्रास सुरू झाला. त्याआधीच्या सीझनमधला माझा सगळ्यात चांगला टाइम ४०.९२ होता. त्या दिवशी पहिली प्रॅक्टिस ४३.४. मला वाटलं थंडी आहे, टायर गार आहेत. दुसऱ्या रनला परत तेच, त्याच जागी. मेहुणा माझ्याबरोबर असतो, तो कोव्हेंट्रीत राहतो आणि तोही याच गाडीवर माझ्यानंतर रन घेतो, दोन ड्रायव्हर एक गाडी असं चालतं. तो वरून आला आणि हेल्मेट काढायच्या आधी म्हणाला, "दाजी, वळणात पेट्रोल पोचत नाहीये." आणि ते इतकं पटलं मला. कडक वळण, चढ, कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे वाटीतलं, पेट्रोल एका बाजूला जाणार, जेट उघडा पडणार, इंजिन उपाशी राहणार. सगळं जुळत होतं. तिथेच आम्ही वाट चुकलो आणि पुढचे तीन महिने चुकलेलोच होतो.

फ्लोटची लेव्हल तपासली, नवे नीडल व्हॉल्व्ह टाकले. पुढच्या इव्हेंटला तेच. मग मागचा पेट्रोल पंप बदलला, कारण त्या जुन्या पंपाच्या आत पण पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क, असतात आणि ते जळतात, नवा शंभराच्या वर गेला. तेच. मग कॉइल, कंडेन्सर, रोटर, प्लगच्या वायरी असं सगळं एकाच शनिवारी बदललं, आणि त्यानंतरच्या इव्हेंटला एका रनमध्ये गाडी मिसिंग मारलीच नाही. ४१.१. आम्ही इतके खूश झालो की येताना वाटेत थांबून जेवलो. पुढच्या महिन्यात परत सुरू. चार वस्तू एकदम बदलल्यामुळे कशाने फरक पडला, पडला का नाही, काहीच सांगता येईना. मला आज वाटतं त्या दिवशी नशिबाने रन चांगला गेला, बाकी काही नाही.

मग रोलिंग रोडवर नेली, म्हणजे जिथे गाडी रोलरवर जागच्या जागी पळवून तपासतात. तिथला माणूस जाणता होता, त्याने मिक्श्चर बघितलं, टायमिंग बघितलं, पूर्ण थ्रॉटलला हजारापासून साडेपाच हजारांपर्यंत तीनदा ओढली, आणि गाडी एकदाही अडखळली नाही. ग्राफ एकदम सरळ. तो म्हणाला कार्ब्युरेटर उत्तम आहेत, मग वळणातच पेट्रोल हलत असणार. म्हणजे परत तेच. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याच्यासमोर जे होतं त्यावरून कोणीही हेच बोललं असतं. पण रोलिंग रोडवर थ्रॉटल हळू उघडतात आणि धरून ठेवतात, पाय सोडला-दाबला-सोडला असं तिथे कोणी करत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

जुलैमध्ये मी अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. पंप, फ्लोट, कॉइल, ग्राफ, सगळी यादी वाचली. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कवा मारतीया?"

मी म्हणलं, वळणात.

"वळणात न्हवं. पाय काय करतोय तवा ते सांग."

मला सांगता येईना. खरंच सांगता येईना. त्या दोन वळणांमध्ये माणूस इतका गुंतलेला असतो की पाय नक्की कधी उचलला, कधी अर्धा दाबला, याची नोंद डोक्यात राहतच नाही. अण्णा म्हणाले, "मग आदी ते बघून ये. तवर काय बदलू नगंस."

पुढच्या इव्हेंटला आम्ही दोन फोन लावले, एक मीटरकडे तोंड करून आणि एक पायांकडे, दोन्ही घट्ट क्लॅम्पमध्ये, आणि तपासणीच्या वेळी अधिकाऱ्याला दाखवून परवानगी घेतली. त्या दिवशीचे चारही रन आम्ही टाइमसाठी घेतलेच नाहीत, नेहमीसारखे चालवले आणि रेकॉर्ड केले. रात्री घरी लॅपटॉपवर दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून हळूहळू पुढे सरकवले.

पायाच्या व्हिडिओत दिसलं ते असं. बॉटम एसच्या आधी पाय पूर्ण वर. दोन वळणांच्या मध्ये गाडी स्थिर ठेवायला थोडासा थ्रॉटल, एक-चतुर्थांश असेल. टॉप एसला परत क्षणभर वर, आणि बाहेर पडताना एकदम तळाला. तीन सेकंदांत चार वेळा बदल. आणि मिसिंग प्रत्येक वेळी या बदलांच्या लगेच नंतर. मीटरच्या व्हिडिओत त्याहून मोठी गोष्ट होती. इंजिनने आचका दिला त्या क्षणी आरपीएमचा काटा ४३०० वरून सटकन खाली, जवळजवळ शून्याकडे, आणि तसाच सटकन परत वर. दोन-तीन फ्रेमचं काम.

तो तुकडा मी अण्णांना पाठवला. पाच मिनिटांत फोन. "गाडी गिअरात हाय न्हवं? क्लच सुटल्याला न्हाई. चाकं फिरत्यात. मग इंजिन शून्यावर यील कसं? पेट्रोल संपलं तर काटा गाडीच्या बरूबर हळूहळू खाली यील. हा काटा करंटवर चालतुया. करंट तुटतुया लेका. पेट्रोल सोड."

हे मला माहीत असायला पाहिजे होतं. त्या काळच्या या मीटरला इंजिनला जोडलेली केबल नसते, कॉइलकडे जाणाऱ्या वायरमधून करंट किती वेळा चालू-बंद होतो ते मोजून काटा हलतो. इंजिन चाकांना बांधलेलं असताना त्याचा वेग एका क्षणात शून्य होऊच शकत नाही. म्हणजे काटा पडला तेव्हा इंजिन फिरतच होतं, फक्त कॉइलला पल्स जात नव्हते. सगळा पेट्रोलचा विषय त्या एका फ्रेमवर संपला. आणि काटा पडला म्हणजे करंट कॉइलच्या अलीकडेच तुटत होता, दोष प्लग, प्लगच्या वायरी, रोटर यांच्यात नाही, कारण ते सगळं कॉइलच्या पुढचं. उरलं काय तर स्विच, कॉइलची बारीक वायर आणि डिस्ट्रीब्युटरच्या आतलं.

मग थ्रॉटल बदलल्यावरच का? माझ्या गाडीत २५डी४ डिस्ट्रीब्युटर आहे, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग. त्याच्या आत पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट फिरती असते. कार्ब्युरेटरवरून एक बारीक नळी डिस्ट्रीब्युटरच्या डबीला येते, थोडा थ्रॉटल उघडला की तिथे व्हॅक्युम तयार होतो, डबीतला पडदा प्लेटला ओढतो आणि स्पार्क लवकर पडतो. पाय पूर्ण सोडला की व्हॅक्युम नाही, पूर्ण दाबला तरी नाही. म्हणजे एस वळणांत ती प्लेट तीन सेकंदांत जाते, येते, हिसके खाते. सरळ रस्त्यावर पाय दाबून ठेवला की ती एका जागी गप्प. रोलिंग रोडवरही गप्प. प्लेट हलती असल्यामुळे तिला अर्थ (अर्थिंग, करंटची परतीची वाट) मिळावा म्हणून एक छोटी लवचिक वायर असते, प्लेटवरून खालच्या स्थिर भागाला. मूळची वायर कापडी आवरणाची, आत केसासारख्या बारीक तारांची विणलेली असते, म्हणजे लाखो वेळा वाकली तरी चालेल.

तपासायची पद्धत अण्णांनीच सांगितली आणि ती इतकी सोपी आहे की लिहिताना हात थरथरतो. बॅटरी काढली. डिस्ट्रीब्युटरची टोपी काढली. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक पिन डिस्ट्रीब्युटरच्या बॉडीला, दुसरी पॉइंट धरणाऱ्या स्क्रूला. बीप वाजतोय. मग कार्ब्युरेटरकडची नळी काढून मेहुण्याने तोंडात धरली आणि ओढलं. प्लेट सरकली आणि बीप बंद. सोडलं, बीप खरखरत परत आला. परत ओढलं, परत बंद. आम्ही दोघं गॅरेजमध्ये दहा मिनिटं तेच करत बसलो होतो, विश्वास बसत नव्हता.

वायर काढली तर बाहेरून एकदम धडधाकट. फक्त ती मूळची नव्हती. आधी कधीतरी कुणीतरी साधी प्लॅस्टिकची जाड वायर टाकली होती आणि टोकाला भरपूर सोल्डर केलं होतं. सोल्डर वितळलेलं असताना तारांमध्ये शोषलं जातं, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो, आणि मग वायर वाकते ती नेमकी त्या कडक भागाच्या काठावर. आवरण चाकूने चिरल्यावर आत सगळ्या तारा तिथेच तुटलेल्या, आवरणामुळे टोकं एकमेकांना टेकून होती एवढंच. वायर तुटूनही गाडी चालत होती कारण प्लेट शेवटी धातूवरच फिरते, थोडाफार अर्थ तिथूनही मिळतो, पण मध्ये तेल असतं, प्लेट हलताना तो भरवशाचा नसतो. रस्त्यावर कधीतरी एखादा उचका यायचा, तो मी थंड इंजिन म्हणून सोडून द्यायचो.

मधल्या काळात दोघांनी सल्ला दिला होता की पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्युल टाक. बरं झालं टाकलं नाही, कारण असली बरीच मॉड्युल त्याच प्लेटवर बसतात आणि अर्थ तिथूनच घेतात. अजून पैसे गेले असते आणि मिसिंग तसंच राहिलं असतं, आणि मग तर आम्ही इग्निशन बदललंय म्हणून त्याच्याकडे परत बघितलंच नसतं.

नवी वायर केली जुन्या मल्टिमीटरच्या पिनेची कापून. त्या वायरी मऊ असतात, आत तारा खूप आणि बारीक. टोकाला रिंग दाबून बसवली, सोल्डर जवळपास नाहीच. लांबी अशी ठेवली की प्लेट पूर्ण सरकली तरी वायर ताणली जाऊ नये आणि ढिली पडून मधल्या कॅमला घासूही नये, त्यासाठी तीन वेळा कापून परत केली. शेजारची पॉइंटची वायर पण त्याच जातीची होती, ती पण बदलली. पॉइंट गॅप १५ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), टायमिंग १० अंश, आणि बाकी कशाला हात लावला नाही. मेहुणा म्हणत होता व्हॅक्युमची नळीच काढून टाकू, निव्वळ रेसच्या गाड्यांना ती नसतेच. पण आम्ही दोनशे किलोमीटर रस्त्यावर चालवत जातो-येतो, मोटरवेवर पेट्रोलचा फरक पडतो, इंजिन गार राहतं, म्हणून ठेवली.

सप्टेंबरमध्ये परत शेल्सली. पहिली प्रॅक्टिस मी मुद्दाम टॉप एसला पाय दोनदा जास्त वरखाली केला, गाडी एकदाही अडखळली नाही. दुपारचा पहिला टाइम्ड रन ४०.६. दुसऱ्याला टायरमधली हवा पुढे दोन पाउंडांनी कमी केली, केनेलला जरा उशिरा पाय उचलला, आणि ४०.३१. माझा आजवरचा सगळ्यात चांगला. मेहुण्याचा ४०.८, त्याने गेल्या वर्षीच्या मानाने सव्वा सेकंद काढला आणि वर पोचल्यावर गाडीतच बसून राहिला होता, दार उघडेना.

वर फिनिश झाल्यावर लगेच खाली येता येत नाही, रस्ता एकच आहे, सगळी बॅच चढून झाली की एकामागे एक सोडतात. तिथे थांबलो असताना इंजिन चालू ठेवून मी अण्णांना फोन लावला. कोल्हापुरात रात्रीचे साडेआठ वाजलेले, जेवत होते. टाइम सांगितला. "बरं झालं," म्हणाले, आणि मग, "जरा फोन बॉनेटजवळ धर बघू." धरला. थोडा वेळ ऐकलं. "टॅपेट वाजतंय एक. मागल्या बाजूचं. उद्या गार असताना बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी कव्हर काढून व्हॉल्व्हच्या फटीत फीलर गेज घातला. चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट, १५ च्या जागी २० थाउ.